देवीरोगाचा वैरी : एडवर्ड जेन्नर

तुमच्या आजीच्या किंवा आजोबांच्या दंडावर बहुधा एक वाटोळा वण दिसेल. लहानपणी देवी टोचल्याची ती खूण होय. तुम्हांला मात्र कोणी देवी टोचल्या नाहीत. कारण तो रोगच आता पृथ्वीवरून नाहीसा झाला आहे.

एके काळी देवीची साथ आली की घरोघर धास्ती पसरत असे. अंगभर पुवाचे फोड उठत आणि तापाने जीव कासावीस होई. पुष्कळ रोगी दगावत. जे वाचत, त्यांच्या तोंडावर व्रण राहत. कित्येकांची दृष्टीही जाई. लोक हा देवीचा कोप मानीत, म्हणून रोगाला ते नाव पडले.

या रोगावर उपाय शोधणारा एडवर्ड जेन्नर इंग्लंडमधील बर्कले या लहानशा गावी १७ मे १७४९ रोजी जन्मला. तो पाच वर्षांचा असतानाच त्याचे आईवडील निवर्तले. थोरल्या भावाने त्याचा सांभाळ केला.

त्या काळी देवीच्या रोग्याच्या फोडातील द्रव निरोगी माणसाच्या त्वचेत टोचण्याची चाल होती. भारत, तुर्कस्तान या देशांतही ती प्रचलित होती. त्यामुळे बहुधा सौम्य देवी येत व पुढे तो रोग होत नसे. पण कधी कधी टोचलेले माणूसच दगावे, नाहीतर त्याच्यापासून इतरांना लागण होई. आठ वर्षांच्या एडवर्डलाही असे टोचण्यात आले. त्यापूर्वी त्याला उपाशी ठेवून त्याचे रक्त काढण्यात आले. ते हाल तो कधी विसरला नाही.

पुढे तो एका शस्त्रवैद्याकडे उमेदवारी करू लागला. नंतर लंडन येथे जॉन हंटर या विख्यात वैद्याजवळ त्याने शिक्षण घेतले. स्वतः पाहावे, पडताळावे आणि मगच मानावे, ही हंटरची शिकवण त्याने अंगी बाणवली. शिक्षण संपताच तो आपल्या गावी परतला व वैद्यकी करू लागला.

गाईंच्या आचळांवर कधी कधी फोड येतात. धार काढणाऱ्या बायकांच्या हातांवरही ते उठत. असे फोड येऊन गेलेल्यांना देवी येत नाहीत, अशी त्या भागातील गवळ्यांची समजूत होती. थोरथोर वैद्य तिला हसत. जेन्नरने मात्र तिचा अनेक वर्षे पडताळा घेतला.

१४ मे १७९६ रोजी त्याने सारा नेल्म्स या गवळणीच्या हातावरील फोडातला द्रव घेतला आणि जेम्स फिप्स या आठ वर्षांच्या मुलाच्या दंडात टोचला. मुलाला थोडासा ताप आला व लवकरच उतरला. खरी कसोटी पुढेच होती. जुलै महिन्यात जेन्नरने त्याच मुलाला देवीचा द्रव टोचला. गवळ्यांची समजूत चुकीची ठरली असती, तर त्या पोराच्या जिवावर बेतले असते. आज कोणत्याही डॉक्टरला मुलावर असा प्रयोग करता येणार नाही. जेम्सला देवी आल्या नाहीत.

जेन्नरचा निबंध लंडनच्या रॉयल सोसायटीने छापला नाही. तेव्हा आणखी उदाहरणे जमवून १७९८ साली त्याने स्वतःच पुस्तक प्रसिद्ध केले. टोचलेल्या माणसांना शिंगे फुटतील, अशी थट्टा झाली. पण तो डगमगला नाही. लशीचे गुपित ठेवून त्याला धनाढ्य होता आले असते. उलट त्याने ती कृती सर्वांना मोकळेपणे शिकवली आणि आपल्या बागेतील झोपडीत गोरगरिबांना तो फुकट टोचू लागला.

लस बगदाद-बसऱ्याच्या मार्गाने आपल्याकडे आली. १४ जून १८०२ रोजी मुंबईत ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला ती टोचण्यात आली. पुढे ती देशभर पसरली. कालांतराने कोल्हापूरच्या दक्षिणेस असलेल्या बेळगाव येथेही ही लस तयार होऊ लागली.

२६ जानेवारी १८२३ रोजी जेन्नर मरण पावला. आपली लस गुणकारी का ठरते, हे त्याला कधीच कळले नाही. देवी विषाणूमुळे होतात, आणि विषाणू साध्या सूक्ष्मदर्शकातून नीट दिसत नाहीत. त्यांचा सुगावा १८९२ ते १८९८ या काळात तंबाखूच्या पानांवरील रोगाचा अभ्यास करताना लागला. देवीचा विषाणू विटेच्या आकाराचा असून त्याची लांबी एका मिलिमीटरच्या सुमारे तीन हजाराव्या भागाएवढी असते. त्याच्या पोटात आनुवंशिक द्रव्य व भोवती प्रथिनांचे वेष्टण असते. सजीवांच्या पेशीत शिरल्यावाचून त्याची वाढ होत नाही. आनुवंशिक द्रव्य व रचना पाहून शास्त्रज्ञ विषाणूंची कुळे ठरवतात. माणसाच्या व गाईच्या देवींचे विषाणू एकाच कुळातले आहेत. म्हणून एकाशी झुंजलेले शरीर दुसऱ्यालाही ओळखते. कांजण्यांचे फोड देवीसारखे दिसले, तरी त्यांचा विषाणू निराळ्या कुळातला आहे. त्यामुळे देवीची लस त्यांना रोखत नाही.

भारतात मे १९७५ नंतर देवीचा नवा रोगी आढळला नाही. १९८० साली जागतिक आरोग्य संघटनेने सारे जग देवीमुक्त झाल्याचे जाहीर केले. अडाणी म्हणून हिणवलेल्या गवळ्यांचे बोलणे एका खेड्यातील वैद्याने मनावर घेतले आणि ते पारखून पाहिले, त्याचे हे फळ होय.