कार्ल मानहाइम

कार्ल मानहाइम (२७ मार्च १८९३ – ९ जानेवारी १९४७) हे हंगेरीत जन्मलेले समाजशास्त्रज्ञ होते. ज्ञानाच्या समाजशास्त्राच्या संस्थापकांमध्ये त्यांची गणना होते. पिढी ही केवळ वयाची बाब नसून एक सामाजिक घटना आहे, ही त्यांची मांडणी वार्धक्य आणि पिढ्यांमधील संबंध यांच्या अभ्यासाला पायाभूत ठरली.

जीवन

मानहाइम यांचा जन्म बुडापेस्ट येथे एका ज्यू कुटुंबात झाला. वडील हंगेरियन, तर आई जर्मन होती. बुडापेस्टखेरीज बर्लिन येथेही त्यांचे शिक्षण झाले. तेथे गेओर्ग झिमेल यांची व्याख्याने त्यांनी ऐकली. पहिल्या महायुद्धाच्या काळात ग्यॉर्ग लुकाच यांच्याभोवती जमलेल्या तरुण विचारवंतांच्या मंडळात ते होते. १९१९ मध्ये हंगेरीतील अल्पजीवी सोव्हिएत राजवटीत त्यांना अध्यापनाचे पद मिळाले. ते साम्यवादी पक्षाचे सदस्य नव्हते. तरीही ती राजवट कोसळल्यावर त्यांना देश सोडावा लागला.

पुढे ते जर्मनीतील हायडेलबर्ग येथे स्थायिक झाले. १९२१ मध्ये मानसशास्त्रज्ञ युलिश्का लांग यांच्याशी त्यांचा विवाह झाला. १९२९ मध्ये ‘आयडिऑलॉजी अँड यूटोपिया’ या नावाने पुढे इंग्रजीत गाजलेला त्यांचा मूळ जर्मन ग्रंथ प्रसिद्ध झाला. १९३० मध्ये ते फ्रँकफर्ट येथे प्राध्यापक झाले. नॉर्बर्ट एलियास हे तेथे त्यांचे साहाय्यक होते. १९३३ मध्ये नाझी राजवटीने त्यांना पदावरून दूर केले आणि त्यांना दुसऱ्यांदा निर्वासित व्हावे लागले. लंडनमध्ये त्यांनी प्रथम लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये अध्यापन केले. १९४६ मध्ये ते लंडन विद्यापीठाच्या शिक्षणशास्त्र संस्थेत प्राध्यापक झाले. वयाच्या ५३ व्या वर्षी लंडन येथे त्यांचे निधन झाले.

पिढ्यांचा सिद्धान्त

१९२८ मध्ये मानहाइम यांनी पिढ्यांच्या प्रश्नावर एक दीर्घ निबंध प्रसिद्ध केला. ठरावीक वर्षांनी पिढी बदलते, हे यांत्रिक गणित त्यांनी अपुरे मानले. एकाच काळात जन्मलेल्यांना समान ऐतिहासिक स्थान लाभते. परंतु काळाच्या घडामोडींत प्रत्यक्ष सहभाग असल्याखेरीज त्यांची खरी पिढी बनत नाही. त्या पिढीतही एकाच अनुभवाला परस्परविरोधी प्रतिसाद देणारे गट असतात. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी जर्मनीतील परंपरावादी आणि उदारमतवादी तरुण एकाच पिढीचे होते, हे त्याचे उदाहरण होय.

तारुण्यातील अनुभवांचा ठसा खोल उमटतो आणि पुढील अनुभवांचा अर्थ त्यांच्याच आधारे लावला जातो. त्यामुळे एकाच घटनेकडे वृद्ध आणि तरुण वेगळ्या दृष्टीने पाहतात. माणसे अमर असती, तर समाजाला वारसा सोपवण्याची गरजच भासली नसती. परंतु जुने सदस्य जातात आणि नवे येतात. म्हणून विस्मरण आणि नवी दृष्टी ही दोन्ही समाजाला आवश्यक ठरतात. शिक्षक विद्यार्थ्याला घडवतो, तसा विद्यार्थीही शिक्षकाला घडवतो, असे ते मानत.

प्रभाव

हा निबंध १९५२ मध्ये, म्हणजे मानहाइम यांच्या मृत्यूनंतर, इंग्रजी ग्रंथात समाविष्ट झाला. एकाच काळात जन्मलेल्यांच्या समूहाचा अभ्यास करून सामाजिक बदल समजून घेण्याची पद्धत नॉर्मन रायडर यांनी १९६५ मध्ये मांडली. मॅटिल्डा व्हाइट रायली यांनी १९७२ मध्ये वयाधारित स्तरीकरणाचा सिद्धान्त विकसित केला. भिन्न काळात जन्मलेली माणसे एकाच रीतीने वृद्ध होत नाहीत, हा या अभ्यासाचा महत्त्वाचा निष्कर्ष आहे. त्यामुळे आजच्या वृद्धांवरून उद्याच्या वृद्धांविषयी थेट अनुमान काढता येत नाही.