न ऐकू येणारा आवाज

मिसळीवरची तर्री तुम्ही पाहिलीच असेल. कितीही ढवळा, तेल पुन्हा वर येतंच! चमच्याला न जमलेलं हे काम रॉबर्ट वुड यांनी आवाजाकडून करून घेतलं.

वुड यांचा जन्म 1868 साली अमेरिकेतल्या कॉन्कॉर्ड गावी झाला. पुढे ते बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात भौतिकशास्त्राचे प्राध्यापक झाले. माणूस मोठा मिश्कील. पक्षी आणि फुलं यांच्यावर त्यांनी गमतीदार कविता लिहिल्या, चित्रंही स्वतःच काढली.

पहिल्या महायुद्धात ते फ्रान्सला गेले. तिथे पॉल लांजव्हँ हे शास्त्रज्ञ पाणबुड्या शोधायला पाण्यात आवाज सोडत होते. तो माणसाला ऐकू येत नसे. पण जवळ आलेले मासे मरत, आणि पाण्यात हात घातला तर दुखायचं. असं का होतं? वुड यांच्या डोक्यातून ते जाईना. पण एवढ्या मोठ्या यंत्राला पैसे कुठून आणणार?

पैसे आल्फ्रेड लूमिस या श्रीमंत मित्राने दिले. न्यूयॉर्कजवळ टक्सीडो पार्कमध्ये त्यांची स्वतःची प्रयोगशाळा होती. तिथे दोघांनी क्वार्ट्झची चकती विजेने सेकंदाला लाखो वेळा थरथरवली. त्या थरथरीने परीक्षानळीतल्या तेलाचे अगदी बारीक थेंब झाले आणि पाण्यात पसरून राहिले. तेल विरघळलं नाही हं, फक्त वेगळं दिसेना! पाण्यात जड पाराही तसाच पसरला. प्रयोगांत छोटे मासे आणि बेडूक मात्र मेले. ते वाचून वाईट वाटतं.

1927 साली दोघांनी हे सगळं छापलं. वुड 1955 साली वारले. आजही प्रयोगशाळांत आवाजाने तेल-पाणी एकत्र करतात.