लोखंडी नांगर

मुलांनो, ठाणे-बेलापूर रस्त्याने जाताना तुम्हांला कितीतरी कारखाने दिसतात. शंभर वर्षांपूर्वी आपल्याकडे असे कारखाने फार थोडे होते. त्या काळात लक्ष्मणराव किर्लोस्करांनी यंत्रे बनवली.

लक्ष्मणरावांचा जन्म १८६९ साली बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे झाला. चित्रकार होण्यासाठी ते मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत गेले. पण त्यांना काही रंगांतील फरक ओळखता येत नसे. त्यांनी रंग सोडले, रेघ सोडली नाही. ते यंत्रांची चित्रे काढायला शिकले आणि मुंबईतच शिक्षक झाले. त्यांनी बेळगावात सायकलींचे दुकानही काढले. तेथेच कडबा कापण्याचे यंत्र आणि लोखंडी नांगर तयार केला.

नांगर मजबूत होता. तो जमीन खोल नांगरत असे. तरी शेतकरी तो घेईनात. लोखंडाने जमिनीत विष पसरेल, अशी त्यांना भीती वाटे. तुम्ही त्यांना हसला असता का? ज्याचे पोट शेतावर, तो जपूनच पाऊल टाकणार! लक्ष्मणरावांनी धीर सोडला नाही. हळूहळू शेतकऱ्यांना नांगराचा उपयोग पटला.

१९१० साली औंधच्या राजांच्या मदतीने त्यांनी माळरानावर कारखाना उभारला. त्याभोवती कामगारांची वसाहत वसली. तीच आजच्या सांगली जिल्ह्यातील किर्लोस्करवाडी. तेथे अस्पृश्यतेला थारा नव्हता. १९५६ साली लक्ष्मणरावांचे निधन झाले.

मुलांनो, यंत्र बनवले म्हणजे काम संपले असे नाही. ते ज्याच्या हाती जाणार, त्याचा विश्वासही मिळवावा लागतो.