जुझे मारिया पेद्रोतो : छोट्या शहराच्या संघाला उंची देणारे प्रशिक्षक

पोर्तुगालच्या फुटबॉलचा इतिहास दोन शहरांत सामावलेला आहे. १९३४ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय साखळी स्पर्धेचे विजेतेपद आजवर केवळ पाच क्लबांना मिळाले. बेनफिका, स्पोर्टिंग आणि बेलेनेन्सेश हे तीन क्लब राजधानी लिस्बनचे, तर एफसी पोर्तो आणि बोआविश्ता हे दोन क्लब उत्तरेकडील पोर्तो शहराचे. या दोन शहरांबाहेर विजेतेपद कधीही गेले नाही. अशा या बंदिस्त व्यवस्थेत एका मासेमारी बंदराच्या क्लबने सलग पाच हंगाम देशातील पहिल्या चार संघांत स्थान राखले आणि लिव्हरपूल, इंटर मिलान व लीड्स युनायटेड या बलाढ्य संघांना युरोपीय स्पर्धांतून बाहेर काढले. तो क्लब म्हणजे व्हितोरिया सेतुबल आणि त्या पर्वाचे शिल्पकार म्हणजे जुझे मारिया पेद्रोतो. जानेवारी १९८५ मध्ये वयाच्या अवघ्या ५६ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

पेद्रोतो यांचा जन्म २१ ऑक्टोबर १९२८ रोजी उत्तर पोर्तुगालमधील लामेगो येथे झाला. दोरू नदीच्या खोऱ्यातील द्राक्षमळ्यांनी वेढलेले हे जुने धर्मपीठाचे गाव. पोर्तो शहराला लागून असलेल्या मातोझिन्योश बंदरातील लेशोइश या क्लबातून त्यांच्या खेळाला आकार येऊ लागला. सक्तीच्या लष्करी सेवेसाठी त्यांना देशाच्या दक्षिण टोकाला जावे लागले. तेथे स्पेनच्या सीमेवर, ग्वादियाना नदीच्या मुखाशी असलेल्या छोट्याशा गावातील लुसितानो क्लबकडून ते अव्वल श्रेणीत खेळले. लहान गावातील क्लब कसा चालतो, मोजक्या पैशांत तो कशी गुजराण करतो आणि चांगला खेळाडू तयार होताच तो त्याच्या हातून कसा निसटतो, याचा अनुभव त्यांना ऐन तारुण्यात मिळाला. तेही त्याच वाटेने गेले. १९५० मध्ये लिस्बनच्या बेलेनेन्सेशने त्यांना घेतले आणि दोन वर्षांनी मोठी रक्कम मोजून एफसी पोर्तोने.

पोर्तोच्या मधल्या फळीत ते १९६० पर्यंत खेळले. अंगबळापेक्षा चेंडूवरील हुकमत आणि खेळाची जाण हे त्यांचे भांडवल होते. १९५५-५६ मध्ये पोर्तोने साखळी स्पर्धा आणि पोर्तुगीज चषक अशी दोन्ही विजेतेपदे एकाच हंगामात पटकावली, तेव्हा ते संघाचे आधारस्तंभ होते. १९५८ मध्ये पुन्हा चषक आणि १९५८-५९ मध्ये पुन्हा साखळी विजेतेपद मिळाले. या दुसऱ्या साखळी विजयाच्या वेळी संघाचे प्रशिक्षक होते हंगेरीचे विख्यात बेला गुटमन. राष्ट्रीय संघातर्फे पेद्रोतो १७ सामने खेळले. त्यानंतर मात्र पोर्तोला साखळी विजेतेपदाची तब्बल एकोणीस वर्षे प्रतीक्षा करावी लागली.

खेळाडू म्हणून निवृत्त होताच त्यांनी प्रशिक्षणाचा मार्ग धरला. १९६१ मध्ये लिस्बन येथे झालेली युरोपीय कुमार स्पर्धा पोर्तुगालने जिंकली, त्या संघाला तयार करण्यात त्यांचा मोठा वाटा होता. पुढे कोइंब्रा येथील विद्यार्थ्यांचा आकादेमिका, त्यानंतर लेशोइश आणि वार्झिम अशा राजधानीपासून दूरच्या क्लबांमध्ये त्यांनी काम केले. १९६६ मध्ये पोर्तोने त्यांना प्रशिक्षक म्हणून परत बोलावले. दोन वर्षांनी पोर्तोने चषक जिंकला. १९५९ नंतर क्लबला मिळालेले हे पहिले मोठे यश. त्या अंतिम सामन्यात पराभूत झालेला संघ होता व्हितोरिया सेतुबल. एका वर्षाने याच क्लबशी आपले नाव कायमचे जोडले जाईल, याची कल्पना त्या दिवशी पेद्रोतो यांना नसावी.

सेतुबल हे शहर लिस्बनच्या दक्षिणेस सुमारे ५० किलोमीटरवर, सादू नदीच्या मुखाशी वसले आहे. सार्डिन मासा, तो डबाबंद करणारे कारखाने आणि बंदर यांवर पिढ्यान्‌पिढ्या या शहराचे पोट चालले. ऑक्टोबर १९१० मध्ये पोर्तुगालमध्ये राजेशाही जाऊन प्रजासत्ताक आले आणि त्यानंतर दीड महिन्यात, २० नोव्हेंबर रोजी, येथे व्हितोरिया क्लबची स्थापना झाली. व्हितोरिया म्हणजे विजय. प्रत्यक्षात या नावाला जागण्यासाठी क्लबला दीर्घ काळ झगडावे लागले. १९४३, १९५४ आणि १९६२ अशा तीन चषक अंतिम सामन्यांत त्याच्या पदरी पराभवच आला. १९६२ मध्येच बोनफिम मैदान उभे राहिले. १९६५ मध्ये युसेबियोच्या बेनफिकाला ३-१ असे नमवून सेतुबलने पहिल्यांदा चषक उंचावला आणि १९६७ मध्ये आकादेमिकावर मात करून तो पुन्हा मिळवला. १९६५ ते १९६८ अशी सलग चार वर्षे हा संघ अंतिम फेरीत होता. पुढे जगभर गाजलेले प्रशिक्षक मोरिन्हो यांचा जन्म याच शहरातला आणि त्यांचे वडील फेलिक्स याच क्लबचे गोलरक्षक.

१९६९ मध्ये पोर्तो साखळी विजेतेपदाच्या शर्यतीत असतानाच पेद्रोतो यांचे क्लबमध्ये तीव्र मतभेद झाले आणि त्यांना पद सोडावे लागले. शिस्तीच्या बाबतीत ते तडजोड करत नसत आणि पदाधिकाऱ्यांसमोर नमते घेणे त्यांच्या स्वभावात नव्हते. ज्या क्लबसाठी ते आठ वर्षे खेळले, त्याचेच दरवाजे त्यांच्यासाठी बंद झाले. अशा वेळी सेतुबलने त्यांना हाक दिली.

येथे त्यांना हवा तसा संघ घडवण्याची मोकळीक मिळाली. चेंडू स्वतःकडे राखणे, छोट्या अचूक पासांतून पुढे सरकणे, प्रतिस्पर्ध्याचा आधीच अभ्यास करणे आणि प्रत्येक खेळाडूला त्याचे नेमके काम समजावून देणे, ही त्यांची पद्धत होती. डाव्या बगलेवर लुआंडात जन्मलेला जासिंतो जुआंव होता. त्याच्या चकव्यांसाठी लोक मैदानावर गर्दी करत. मात्र क्लबची तिजोरी लहान होती. जायमे ग्रासा हा मधल्या फळीतील कुशल खेळाडू १९६६ मध्येच बेनफिकाने नेला होता. १९७१ मध्ये सेतुबलचाच भूमिपुत्र असलेला आघाडीपटू व्हितोर बातिश्ता हाही बेनफिकाकडे गेला. त्या व्यवहारात १९६६ च्या विश्वचषकात तिसऱ्या आलेल्या पोर्तुगीज संघातील उंचापुरा जुझे तोर्रेश सेतुबलच्या वाट्याला आला. बेनफिकाच्या लेखी त्याची उमेद सरली होती. पेद्रोतो यांनी मात्र त्याच्या अनुभवाचा पुरेपूर उपयोग करून घेतला. मोठ्यांनी टाकून दिलेल्यातून नवे उभे करणे, हीच छोट्या क्लबची खरी कला असते.

परिणाम लवकरच दिसू लागले. १९६९ च्या हिवाळ्यात सेतुबलने लिव्हरपूलला स्वतःच्या मैदानावर १-० असे हरवले. परतीच्या सामन्यात ३-२ असा पराभव पत्करूनही प्रतिस्पर्ध्याच्या मैदानावर केलेल्या गोलांच्या बळावर तो पुढे गेला. १९७१-७२ मध्ये स्पार्टाक मॉस्कोचा ४-० असा धुव्वा उडाला. पुढच्या वर्षी फिओरेन्तिना आणि इंटर मिलान हे दोन इटालियन संघ एकापाठोपाठ गारद झाले. उपांत्यपूर्व फेरीत टॉटनहॅमशी एकूण २-२ अशी बरोबरी झाली. पण ज्या नियमाने लिव्हरपूलविरुद्ध तारले होते, त्याच नियमाने या वेळी घात केला. डिसेंबर १९७३ मध्ये लीड्स युनायटेडची पाळी आली. त्या हंगामात पुढे इंग्लंडचा विजेता ठरलेला हा संघ बोनफिमवर ३-१ असा पराभूत झाला.

मायदेशातही क्लबने कधी नव्हे अशी झेप घेतली. पेद्रोतो यांच्या पाच हंगामांत सेतुबल अनुक्रमे तिसरा, चौथा, दुसरा, तिसरा आणि तिसरा आला. १९७१-७२ चे उपविजेतेपद ही क्लबची आजवरची सर्वोच्च कामगिरी आहे. त्या वर्षी त्याच्या पुढे केवळ बेनफिका होता. स्पोर्टिंग आणि पोर्तो दोघेही मागे राहिले. तरीही या पाच वर्षांत साखळी विजेतेपद किंवा पोर्तुगीज चषक हाती लागला नाही. १९७३ च्या चषक अंतिम सामन्यात स्पोर्टिंगने ३-२ अशी बाजी मारली. पारितोषिकांच्या कपाटावरून पारख करणाऱ्याला पेद्रोतो यांचे सेतुबलमधील पर्व रिकामे वाटेल. मात्र अधिक श्रीमंत क्लब वर्षानुवर्षे ज्याला मागे टाकू शकत नाहीत, असा संघ घडवणे हे एखाद्या अवचित मिळालेल्या चषकापेक्षा कितीतरी अवघड होते.

लीड्सवरील विजयाचा आनंद ओसरण्याआधीच एक दुःखद प्रसंग घडला. १६ डिसेंबर १९७३ रोजी सेतुबलचा साखळी सामना पोर्तोच्या आंताश मैदानावर होता. यजमानांच्या बाकावर बेला गुटमन होते, म्हणजे पेद्रोतो यांचे एकेकाळचे गुरू. तेराव्या मिनिटाला पोर्तोचा २६ वर्षांचा मध्यरक्षक पाव्हांव अचानक मैदानावर कोसळला आणि त्यातच त्याचा अंत झाला. पोर्तोत असताना तो पेद्रोतो यांच्या हाताखाली खेळला होता. आपल्या जुन्या शिष्याचा मृत्यू त्यांना प्रतिस्पर्धी संघाच्या बाकावरून पाहावा लागला.

एप्रिल १९७४ मध्ये लष्करी क्रांतीने पोर्तुगालमधील हुकूमशाही संपवली. वसाहतींबाबतचे धोरण बदलले आणि त्याच वर्षाअखेरीस पोर्तुगालने गोवा, दमण व दीववरील भारताचे सार्वभौमत्व मान्य करणारा करार केला. देश बदलत असताना पेद्रोतोही सेतुबल सोडून पोर्तो शहरातील दुसऱ्या क्लबकडे, बोआविश्ताकडे, गेले. तेथे त्यांनी १९७५ आणि १९७६ असा लागोपाठ दोनदा चषक जिंकला आणि संघाला साखळीत उपविजेतेपदही मिळवून दिले. याच काळात राष्ट्रीय संघाची धुराही त्यांनी सांभाळली.

१९७६ मध्ये एफसी पोर्तोने मागचे सारे विसरून त्यांना पुन्हा बोलावले. या वेळी त्यांना जोड मिळाली ती फुटबॉल विभागाचे प्रमुख जोर्ज नुनो पिंतो द कोश्ता यांची. डोक्यावर सपाट टोपी घालून बसणारे पेद्रोतो आता केवळ डावपेच आखत नव्हते. लिस्बनचे वर्चस्व मैदानाबाहेरही आहे, असे ते उघडपणे मांडत आणि त्याविरुद्ध उत्तरेला उभे करत. त्यांच्या या वक्तव्यांनी कटुता वाढवली, हेही खरे. १९७७-७८ मध्ये पोर्तोचा एकोणीस वर्षांचा दुष्काळ संपला. शेवटच्या विजेत्या संघात जो खेळाडू होता, त्यानेच प्रशिक्षक म्हणून तो संपवला. पुढच्या वर्षी विजेतेपद राखले गेले. १९८० मध्ये अध्यक्षांशी झालेल्या संघर्षात पिंतो द कोश्ता यांना दूर करण्यात आले आणि पेद्रोतोही त्यांच्यासोबत बाहेर पडले. दोन वर्षे त्यांनी गिमारायश शहराच्या क्लबला दिली. १९८२ मध्ये पिंतो द कोश्ता अध्यक्ष होताच ते पोर्तोत परतले.

पण आता आजाराने त्यांना गाठले होते. मे १९८४ मध्ये बाझल येथे पोर्तो प्रथमच युरोपीय अंतिम सामना खेळला. युव्हेन्तुसविरुद्धचा तो सामना २-१ असा गमावला, तेव्हा बाकावर त्यांचे सहायक आंतोनियो मोराइश होते. कर्करोगाने जर्जर झालेले पेद्रोतो संघासोबत नव्हते. आठ महिन्यांनी त्यांची जीवनयात्रा संपली. १९८७ मध्ये व्हिएन्ना येथे बायर्न म्युनिकला हरवून पोर्तोने युरोपीय चषक जिंकला. त्या संघाचे प्रशिक्षक आर्तुर जोर्ज हे गिमारायश येथे पेद्रोतो यांचे सहायक राहिले होते.

सेतुबलचे दैव मात्र वेगळे निघाले. २००५ मध्ये बेनफिकाला हरवून क्लबने तिसऱ्यांदा चषक जिंकला. २००८ मध्ये पहिल्यावहिल्या लीग चषकावर नाव कोरले. मात्र कर्जाचा डोंगर वाढतच राहिला. २०२० मध्ये आर्थिक निकष पूर्ण न झाल्याने क्लबची रवानगी तिसऱ्या श्रेणीत झाली आणि २०२४ मध्ये पुन्हा परवाना नाकारला गेल्याने तो जिल्हा पातळीवरील स्पर्धेत जाऊन पोहोचला. दोन्ही वेळा मैदानावरील पराभवाने त्याला खाली ढकलले नव्हते. हिशेबाच्या वह्यांनी ढकलले.

एकाच माणसाचे ज्ञान दोन ठिकाणी पेरले गेले. पोर्तोमध्ये ते संस्थेने जपले, म्हणून पेद्रोतो गेल्यानंतरही ते फळ देत राहिले. सेतुबलमध्ये ते एका व्यक्तीसोबत आले आणि बव्हंशी तिच्यासोबतच गेले. गुणी प्रशिक्षक संघाला उंचीवर नेऊ शकतो, पण तेथे टिकून राहण्यासाठी क्लबचे घर भक्कम असावे लागते. पेद्रोतो यांच्या आयुष्याने शिकवलेला हा धडा आहे. बोनफिमच्या पायऱ्यांवर मात्र तो काळ आजही जिवंत आहे. सार्डिनच्या वासाने भरलेल्या त्या शहराने एकेकाळी इंग्लंड आणि इटलीच्या धनाढ्यांना आपल्या अंगणात हरवले होते, ही आठवण कोणत्याही श्रेणीतून वगळता येत नाही.