पंडिता रमाबाई : तारण आणि सत्कर्म

पंडिता रमाबाईंच्या (१८५८–१९२२) धर्मांतराची चर्चा बहुधा १८८३ मधील बाप्तिस्म्यापाशीच थांबते. वस्तुतः तारणाचा प्रश्न त्यांच्यापुरता तेथे सुटलेला नव्हता. तीर्थाटन, उपवास व दानधर्म यांत अनंतशास्त्री डोंगरे यांच्या कुटुंबाची सारी पुंजी सरली. पुण्यसंचयाच्या त्या वाटेवर १८७४ च्या सुमारास दुष्काळात आईवडील गेले. पुढे इंग्लंडमध्ये, फुलहॅम येथे, ‘पतित’ ठरविलेल्या स्त्रियांची सेवा करणाऱ्या भगिनी त्यांनी पाहिल्या. म्हणजे ख्रिस्ती धर्मात त्यांना प्रथम भावले ते सत्कर्मच. बाप्तिस्म्यानंतरही भगिनी जेराल्डीन यांच्याशी धर्मसिद्धान्तांवरील त्यांचा वाद चालूच राहिला.

१८८९ मध्ये शारदासदन निघाले, कार्य वाढले. मन मात्र अस्वस्थ होते. १८९१ च्या सुमारास त्यांना उमगले, की धर्ममत पटणे वेगळे आणि ख्रिस्तावर सर्व भार टाकणे वेगळे. तारण ही कमाई नव्हे, कृपा होय. यामुळे कर्म सुटले काय? उलट १८९६–९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून शेकडो निराश्रित मुली त्यांनी आणल्या व केडगावी ‘मुक्ती’ उभी राहिली. सेवा तीच, तिच्यामागील हिशेब तेवढा गेला.

१९०५ मध्ये केडगावच्या मुलींत रडून पापे कबूल करण्याची लाट उसळली. केवळ भावनोद्रेक म्हणून तिची बोळवण करणे योग्य नाही. प्रायश्चित्तात विधीने पापाची फेड होते. येथे फेडण्याजोगे हाती काहीच नाही, हे कबूल करणे हाच पश्चात्ताप होता. सामान्य स्त्रियांना कळेल अशा मराठीत बायबल आणण्याचे काम रमाबाई अखेरपर्यंत करीत राहिल्या. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या वारल्या, तेव्हा ते पुरे झाले होते.