उपासकांच्या हाती दिलेली प्रत

14 ऑक्टोबर 1956 रोजी परमपूज्य बाबासाहेबांनी नागपूरच्या भूमीवर आपल्या समाजाला धम्मदीक्षा दिली. तो विजयादशमीचा दिवस आपण अशोकविजयादशमी म्हणून पाळतो. पण ज्याचे नाव त्या दिवसाला आहे तो सम्राट अशोक आपल्या घरातल्या मुलांना कितपत ठाऊक आहे? त्याने स्तूप उभारले, दाने दिली, हे खरेच. त्याहून मोठे काम म्हणजे बिघडलेला राज्यकारभार आणि बिघडलेला संघ या दोन्ही ठिकाणी त्याने लोकांचा विश्वास परत आणण्यासाठी झटून प्रयत्न केला.

अशोक हा मौर्य राजा बिंदुसाराचा पुत्र. राज्याभिषेकानंतर आठ वर्षांनी, म्हणजे सुमारे इ.स.पू. 261 मध्ये, त्याने कलिंग जिंकले. त्या युद्धात 1 लाख माणसे मारली गेली, दीड लाख माणसे देशोधडीला लागली. हे आकडे त्याच्या शत्रूने लिहिलेले नाहीत. अशोकानेच आपल्या पश्चात्तापासह ते शिलेवर कोरवून घेतले. आपली चूक झाकणाऱ्या राजावर प्रजा विश्वास ठेवीत नाही, हे त्याने ओळखले.

पुढे त्याने कलिंगातील अधिकाऱ्यांसाठी धौली आणि जौगड येथे लेख कोरविले. न्यायदान करणाऱ्यांच्या हातून निरपराध माणूस तुरुंगात पडतो, विनाकारण छळला जातो, हे त्याने उघड मान्य केले. मत्सर, क्रोध, निष्ठुरता, घाई आणि आळस यांमुळे अन्याय होतो, असे त्याने अधिकाऱ्यांना बजावले. तो हुकूम ठराविक दिवशी वाचून दाखवायचा होता. ऐकणारा एकटा असला तरीही. दर पाच वर्षांनी तपासणीसाठी अधिकारी पाठविण्याची व्यवस्था केली. स्वतः जेवत असो वा अंतःपुरात असो, प्रजेचे काम कोणत्याही वेळी आपल्यापर्यंत पोहोचवावे, असा नियम त्याने स्वतःलाही लावून घेतला.

संघाची कथा महावंसात आली आहे. राजाश्रयामुळे विहारांत दान वाढले आणि लाभासाठी चीवर पांघरणारे संघात शिरले. अशा लोकांबरोबर उपोसथ करण्यास खरे भिक्खू तयार होईनात. सात वर्षे उपोसथ झाला नाही. राजाने पाठविलेल्या अमात्याने सक्ती केली आणि नकार देणाऱ्या भिक्खूंचीच हत्या केली. अशोक हादरला. या पापाचा वाटेकरी आपणही आहोत काय, हे विचारायला तो स्थविर मोग्गलिपुत्त तिस्सांकडे गेला. सात दिवस त्यांच्यापाशी धम्म शिकला, मग एकेका चीवरधाऱ्याला बुद्धाची शिकवण विचारली. परंपरा सांगते की 60,000 जण संघाबाहेर गेले. त्यानंतर पाटलिपुत्रात तिसरी संगीती भरली आणि तेथून देशोदेशी निघालेल्या धम्मदूतांपैकी स्थविर महाधम्मरक्खित महाराष्ट्रात आले.

संघात फूट पाडणाऱ्या भिक्खूला वा भिक्खुणीला पांढरी वस्त्रे देऊन विहाराबाहेर ठेवावे, असा अशोकाचा हुकूम सारनाथच्या स्तंभावर आहे. त्याच हुकुमात आणखी एक गोष्ट आहे. त्याची एक प्रत अधिकाऱ्यांकडे आणि दुसरी उपासकांकडे ठेवावी. उपासकांनी दर उपोसथाला येऊन त्या हुकुमाविषयी आपली खात्री करून घ्यावी. साध्या गृहस्थाच्या हातात राजाने नियमाची प्रत दिली!

त्याच स्तंभावरचे सिंह 26 जानेवारी 1950 पासून भारताची राजमुद्रा झाले. सरकारी कागदावर ते सिंह दिसतात, तेव्हा त्यांच्या खालच्या स्तंभावरचा तो हुकूमही आठवावा.

आपल्या वस्तीत विहार उभा राहतो तो मजुरीतून काढलेल्या वर्गणीवर. त्या पैशाचा हिशेब पौर्णिमेला वंदनेनंतर सर्वांसमोर वाचला जावा. चूक निघाली तर ती कबूल केली जावी. हिशेब मागणाऱ्या बाईला वा पोराला कोणी गप्प बसवू नये. अशोकाने ती प्रत आपल्यासारख्यांच्याच हाती दिली होती.