आयएसओ समजून घ्यायचाय? मग टॅल्बॉटची गोष्ट वाचा

रात्री काढलेला फोटो दाणेदार का येतो? कारण उजेड कमी पडला की मोबाईल आयएसओ वाढवतो. हे नेमकं काय असतं, ते समजायला आपण जवळपास 200 वर्षं मागे जाऊया.

विल्यम हेन्री फॉक्स टॅल्बॉटचा जन्म 1800 चा. इंग्लंडमधल्या लॅकॉक ॲबी या वाड्यात राहणारा हा माणूस गणितात हुशार, पण चित्रकलेत अगदीच कच्चा. 1833 मध्ये इटलीतल्या कोमो तलावाकाठी तो चित्र काढत बसला होता. मदतीला कॅमेरा ल्युसिडा हे उपकरण होतं, तरी चित्र काही जमेना. तेव्हा डोक्यात आलं, समोरचं दृश्य कागदावर आपोआपच उमटलं तर?

घरी येऊन त्याने कागदाला मीठ आणि सिल्व्हर नायट्रेट लावलं. असा कागद उजेडात काळा पडतो. पण फार हळू! मोठ्या कॅमेऱ्यात तर तासभर थांबावं लागायचं. मग त्याने छोट्या लाकडी पेट्या बनवल्या. बायको कॉन्स्टन्स त्यांना उंदराचे सापळे म्हणायची. पेटी छोटी आणि त्या मानाने लेन्स मोठी, म्हणजे कागदावर प्रकाश जास्त. हेच आपलं अपर्चर! तुमच्या फोनवर एफ/1.8 लिहिलेलं असतं ना, त्यामागे हेच गणित आहे. ऑगस्ट 1835 मध्ये त्याने वाड्याच्या खिडकीची निगेटिव्ह काढली. कॅमेऱ्यातून घेतलेली, आजही टिकून असलेली ती सगळ्यात जुनी निगेटिव्ह.

पण त्याने हे काम जगासमोर आणलंच नाही. जानेवारी 1839 मध्ये पॅरिसहून बातमी आली, डागेरने फोटो काढण्याची पद्धत शोधली! टॅल्बॉटने घाईघाईने आपले नमुने लंडनमध्ये दाखवले, पण उशीर झाला होता. डागेरची चित्रं जास्त स्पष्टही होती.

टॅल्बॉट मात्र थांबला नाही. सप्टेंबर 1840 मध्ये त्याला खरी किल्ली सापडली. थोडाच वेळ उजेड दिलेला कागद कोराच दिसत होता. त्यावर गॅलिक ॲसिड आणि सिल्व्हर नायट्रेटचं मिश्रण लावलं, तर चित्र हळूहळू वर आलं! म्हणजे चित्र आधीच उमटलं होतं, फक्त डोळ्यांना दिसत नव्हतं. रसायनाने ते वाढवलं आणि तासाचं काम मिनिटांवर आलं. आता माणसांचे फोटोही शक्य झाले.

तुमच्या फोनमधला आयएसओ थोडाफार असाच आहे. आयएसओ 100 चा 800 केला म्हणून सेन्सरवर जास्त प्रकाश पडत नाही. जेवढा पडलाय, त्याचा सिग्नल नंतर वाढवला जातो. सोबत त्यातला गोंगाटही वाढतो, आणि तेच ते दाणे. प्रकाश खरोखर वाढवायचा असेल, तर अपर्चर मोठं हवं किंवा शटर जास्त वेळ उघडं हवं.

1841 मध्ये टॅल्बॉटने या पद्धतीचं पेटंट घेतलं. त्यावरून त्याच्यावर बरीच टीका झाली, आणि 1854 मध्ये एका फोटोग्राफरविरुद्धचा खटलाही तो हरला. पण त्याआधी 1851 मध्ये त्याने कमाल केली होती. गरगर फिरणाऱ्या चाकावर वर्तमानपत्राचा कागद लावला आणि विजेच्या एका ठिणगीच्या उजेडात फोटो घेतला. ठिणगी इतकी क्षणिक की अक्षरं वाचता आली. एक्सपोजर किती वेळाचं, हे इथे शटरने नाही, उजेडानेच ठरवलं!

1877 मध्ये तो वारला. निगेटिव्हवरून हव्या तेवढ्या प्रती काढायची त्याची पद्धत मात्र फिल्मचा जमाना असेपर्यंत टिकली.

आज रात्री एक प्रयोग करा. फोन कशाला तरी टेकवून ठेवा, प्रो मोडमध्ये आयएसओ 100 ठेवा आणि शटर दोन सेकंद. मग तोच फोटो हातात फोन धरून आयएसओ 3200 वर काढा. दोन्ही झूम करून बघा, फरक लगेच कळेल. समोर माणूस हलत असेल तर मात्र आयएसओ वाढवायला घाबरू नका. दाणे चालतात, हललेला चेहरा नाही.